पेटीतली तुळई

आबा, श्रावण संपता संपता मी एक पेटी करायला घेतली होती, ती आता पुरी झाली. पेटी म्हणजे स्पीकरचीच, नांदेडला तुम्ही करायचात त्याच जातीची, फक्त आवाजाला वेगळी. तिच्याबद्दल तुम्हाला सांगायचंय, आणि तिच्यात काय गेलंय तेही सांगायचंय, कारण पत्र्याखाली तुम्ही इतकी वर्षं जपलेली तुळई आता तिथं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं ऐकताना तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत बसणार नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी चूक कबूल करायची म्हटलं की मी आधी लाकडाच्या गोष्टी काढतो. ही सवय तुमचीच आहे.

मी आता लातूरला असतो. नांदेडच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये आपण मंडपवाल्यांसाठी माणसाएवढाल्या पेट्या करायचो. आता मी लोकांच्या घरात सिनेमाची खोली करून देतो. भिंतीवर पडदा, कोपऱ्यांत स्पीकर, आणि खालच्या जाड आवाजासाठी वेगळी एक पेटी. गिऱ्हाईक डॉक्टर असतात, क्लासवाले असतात, अडतवाले असतात. हौस दांडगी आणि खोली दहा बाय बाराची. यंदा एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "दादा, धडधड नको. आवाज खोल पाहिजे, आणि पेटी डोळ्यांत येऊ नये." असल्या पेटीचा एक प्रकार मी बरेच दिवस वाचून ठेवला होता. स्पीकरचा पडदा पुढं हलतो तसा मागंही हलतो, हे तुम्हीच मला शिकवलं. आपण मागचा आवाज पेटीत कोंडायचो, नाहीतर भोक पाडून सोडून द्यायचो. या प्रकारात मागच्या आवाजाला लांब वाट करून देतात, आत आडव्या फळ्या घालून घडी घातलेली. नऊ फुटांची वाट आईच्या ट्रंकेएवढ्या पेटीत बसवायची. आवाज त्या वाटेनं वळणं घेत जातो, दुसऱ्या टोकाच्या तोंडातून उशिरा बाहेर पडतो आणि पुढच्या आवाजाला जाऊन मिळतो. वाट बरोबर निघाली तर आठ इंची स्पीकर पंधरा इंचीसारखा खोल बोलतो. ट्रान्समिशन लाइन म्हणतात तिला. तुम्ही म्हणाला असतात, नाव मोठं लक्षण खोटं, आधी करून दाखव.

मी कॉम्प्युटरवर चित्र काढलं, मापं काढली, आणि तिथंच घाण केली. तुम्ही टेपवर कधी भरवसा ठेवला नाही. प्रत्येक कामाला बांबूची एक काठी तासायची, प्रत्यक्ष फळीला लावून तिच्यावर खुणा करायच्या, आणि काम संपेपर्यंत त्या काठीशिवाय कुणाचं ऐकायचं नाही. मी मात्र प्लायवर छापलेल्या अठरा मिलिमीटरवर विश्वास ठेवला. सगळं कापून आणलं, बसवायला गेलो, तर प्लाय कुठं सोळा, कुठं सतरा. आतल्या सगळ्या फळ्या ढिल्या, सूतसूतभर फट. कपाटात सूतभर फट म्हणजे काहीच नाही. पण इथं आवाज फटीतून पळाला की वळणं करून उपयोग काय. तोंडातून नुसती फसफस येते. डॉक्टरीणबाई पुढच्या रविवारी ऐकायला येणार होत्या. फळ्यांना दोन्ही बाजूंनी घट्ट धरतील अशा खाचेच्या पट्ट्या पाहिजे होत्या, आणि वळणांच्या कोपऱ्यांत बसवायला तिरके ठोकळे. बाजारातलं सागवान ओलं. आज बसवलं की उन्हाळ्यात आकसणार आणि पुन्हा फट पडणार. जुनं, मुरलेलं, न वळणारं लाकूड पाहिजे होतं, आणि ते कसं ओळखायचं हेही तुम्हीच शिकवलेलं. असं लाकूड घरात एकच होतं.

त्या तुळईबद्दल मला तेव्हा काय माहीत होतं ते लिहितो, नाहीतर मी जाणूनबुजून केलं असं वाटेल. आपलं गाव किल्लारीच्या बाजूचं, भूकंपात गेलं. मी तीन वर्षांचा होतो. आई बाळंतपणाला लोह्याला माहेरी गेली होती, मी तिच्याबरोबर, आणि तुम्ही बारशाला म्हणून तिथं आलात त्याच रात्री गाव पडलं. आत्या आणि आतोबा गेले. आपण राहिलो. मग तुम्ही परत गेला नाहीत, नांदेडला शेड घातलं. गावात असताना तुम्ही माळवदाची घरं करायचात, तुळया आणि खांब तुमच्या हातचे. नांदेडला आल्यावर छताच्या कामाला हात लावला नाही. कुणी साधा माळा करायला बोलावलं तरी म्हणायचात, "डोक्यावर येईल असलं काम मी करत न्हाई." म्हणून पेट्या. पेटी जमिनीवर राहते. आणि गावाहून आणलेली एवढी एक तुळई, आठ फुटी, धुरानं काळी पडलेली, मधोमध पाळण्याची लोखंडी कडी असलेली. खंडेनवमीला करवत, रंधा, पटाशी मांडून कुंकू लावलं की शेवटचं बोट तुम्ही तिला लावायचात. मला वाटायचं, जुन्या घराची आठवण. आपल्याच घराची असेल. लातूरला यायचं ठरलं तेव्हा आईनं भांड्याकुंड्यांच्या आधी ती टेम्पोत चढवली आणि इथंही मागच्या पत्र्याखालीच ठेवली. माझी बायको हसली होती, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." आई हसली नाही.

आई आठ दिवस लोह्याला मावशीकडं गेली होती. मी तुळई रिक्षाच्या टपावर बांधून आरा मशीनवर नेली. मशीनवाला तिच्यावरून हात फिरवून म्हणाला, "भाऊ, असलं सागवान आता सपनात. दार करा याचं." मग म्हणाला, लोखंड काढा आधी, पातं तुटेल. ती कडी काढायला मला पाऊण तास लागला. तुम्ही ती आरपार घालून मागून वाकवली होती. वाकवलेलं टोक हातोड्यानं सरळ करून उलटी ठोकून काढावी लागली. काढताना मला तुमचा राग आला होता, एका पाळण्यासाठी इतकं पक्कं कशाला करायचं म्हणून. करवत चढली आणि काळ्या सालीच्या आत मधासारखा रंग निघाला. वास तर असा की क्षणभर तुम्ही मागं उभे आहात असं वाटलं. मी आनंदात होतो, आबा, हे लपवत नाही. चांगलं लाकूड चांगल्या कामाला लागतंय, एवढंच डोक्यात होतं. चार दिवसांत पट्ट्यांना खाचा पाडल्या, फळ्या बसवल्या, सरस भरला. या वेळी काठी तासली. एक केस जाईल एवढी फट राहिली नाही. वाटेत थोडं भरण घालावं लागतं, कापूस दबतो म्हणून बायकोच्या दोन फायबरच्या उशा फोडल्या, त्यावरून घरात जे झालं ते वेगळंच.

पेटी झाली की वाजवून बघायची, आणि वाजवायच्या वेळी तुम्ही बाहेर जायचात. नांदेडला असा एक दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी एकोणीस वर्षांचा. मंडपवाल्याच्या दोन मोठ्या पेट्या तयार आहेत, तो आणि त्याची तीन-चार माणसं ऐकायला आलीत. मी वायर जोडतोय, आणि तुम्ही नेहमीसारखे हातातला रंधा खाली ठेवून रस्त्याच्या पलीकडं चहाच्या गाड्यापाशी जाऊन उभे राहता. कुणी विचारलं तर तुमचं ठरलेलं उत्तर होतं, बाहेरून सैल स्क्रू कळतो. मंडपवाला विचारतो, "म्हातारं कुठं गेलं?" आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतो, "पेट्या करतात पण आवाजाला भितात. जमीन हादरली की पळतात." सगळे हसले. मीच सगळ्यांत मोठ्यानं हसलो. आवाज बंद केला तेव्हा तुम्ही दारात होतात. किती ऐकलंत माहीत नाही. सगळंच ऐकलं असणार. तुम्ही आत आलात, डाव्या पेटीच्या मागं वाकलात आणि म्हणालात, "खालून चवथा स्क्रू ढिला हाय. कस त्याला. पेटीत सैल काही ठिवू न्हाई." बस. तेवढंच. स्क्रू खरंच ढिला होता. त्यानंतर तीन वर्षं तुम्ही होतात आणि मी एकदाही माफी मागितली नाही. मला वाटायचं, बापलेकांत कसली माफी. आज मागतो. मी ते बोलायला नको होतं.

शनिवारी सकाळी मी पेटी दिवाणखान्यात मांडली. आई आदल्या दिवशी लोह्याहून परतली होती, स्वयंपाकघरात खाली बसून तांदूळ निवडत होती, आणि माझी सात वर्षांची पोरगी तिच्याजवळ काहीतरी रंगवत होती. मी नुसता सूर लावला, गाणं नाही, वरून खाली उतरत जाणारा एकच सूर. वाट बरोबर निघाली होती. खाली, आणखी खाली, कानाला आवाज कळेनासा झाला आणि फरशीला कळायला लागला. मांडणीतली ताटं किणकिणली. मी खूष होऊन मागं वळलो तर स्वयंपाकघरात तांदळाचं सूप पडलेलं आणि कुणी नाही. आई फाटकाशी उभी होती, अनवाणी, उन्हात. पोरीचं मनगट तिनं इतकं आवळून धरलं होतं की पोरगी रडकुंडीला आलेली. "आई, पेटी हाय ती. मीच लावली," मी म्हणालो. ती म्हणाली, "मला ठावं हाय." पण आत येईना. मी पेटी बंद केली, प्लग काढून दाखवला, तरी ती पायरीच्या आत आली नाही. मग पायरीवरच बसली. पोरीला आत पाठवलं आणि तुम्ही तिला जे बोलू नको म्हणून सांगितलं होतं ते बोलली. तिच्यावर रागावू नका.

"लई दिवस आधीपासनं जमीन अशीच गुरगुरायची," ती म्हणाली. "भांडी वाजायची. लोक भिऊन बाहेर निजायचे, अंगणात, देवळापुढं. मग पाऊस लागला. तुझ्या आत्याला दमा. गारठ्यानं खोकून खोकून बेजार. तुझा बा लोह्याला निघाला तवा तिनं इचारलं, दादा, आत निजू का? त्यो म्हणला, तुळई माझ्या हातची हाय. माळवद पडायचं न्हाई. निवांत नीज."

मी म्हणालो, "मग पडलं."

"न्हाई पडलं. तेच तर. तुळई जागच्या जागी व्हती. भिंती आत आल्या." आईनं हातातले दोन दाणे पायरीवर ठेवले. "त्यानं ती काढून आणली. कितीक दिवस हात फिरवीत बसायचा, कुठं तडा हाय का बघायला. म्हणायचा, एक तडा घावला असता तर माझं काम कच्चं व्हतं म्हणून रडलो असतो. आता कशाला रडू?" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तीच, पत्र्याखाली हाय ना आपल्याकडं, ती. तुझ्या आत्याच्या घरची."

मी म्हणालो, "हाव." तुळई तेव्हा आत पेटीत होती, सरस लावलेली, खाचा पाडलेली, सव्वीस तुकडे. सरस सुकला की सुटत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी उठून आत आलो आणि नळ सोडून उगाच हात धूत राहिलो. रविवारी डॉक्टरीणबाई आल्या, ऐकलं, म्हणाल्या अशीच मला करून द्या. मी हो म्हणालो. नवीन प्लाय आणला, काठी लावून मापात कापला, त्यांची वेगळी केली, वेगळ्या लाकडाची. ही पहिली घरातच राहिली, बंद. देऊन टाकता येईना, फोडता येईना. आई रोज तिला वळसा घालून देवघराकडं जायची.

खंडेनवमीच्या चार दिवस आधी आई पत्र्याखाली गेली. माझा उरलेला प्लाय ती उचलून बाजूला ठेवत होती, ते मी खिडकीतून बघत होतो. आत येऊन तिनं विचारलं, "तुळई कुठं हाय रं?" मी तयारच होतो. म्हणालो, "वाळवी लागली होती. पार पोखरली होती. फेकून दिली." सागवानाच्या, इतक्या वर्षांच्या मुरलेल्या तुळईला वाळवी, आणि हे मी कुणाला सांगत होतो, तर सुताराच्या बायकोला. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, "बरं," म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. ते चार दिवस मला अन्न गेलं नाही, आबा. तिनं भांडण केलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खंडेनवमीला तिनं पाटावर हत्यारं मांडली. तुमचा रंधा, तुमची करवत, माझं ड्रिल मशीन, आणि तुमच्या खुणा केलेल्या काठ्यांची जुडी. सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. शेवटच्या बोटाची वेळ आली तेव्हा मी मान खाली घातली. ती ताट घेऊन उठली, दिवाणखान्यात गेली आणि पेटीसमोर खाली बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याजवळ गेली होती. कुंकवाचं बोट तिनं पेटीला टेकवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "समदी यातच हाय का काही उरली?"

मी म्हणालो, "कडी काढून ठेवलीय."

"आण."

हत्यारांच्या पिशवीतून मी कडी आणली. तिनं ती पदरानं पुसली, सरळ केलेलं टोक बोटानं चाचपलं. म्हणाली, "तुला याच कडीला झुलवलाय तुझ्या आत्यानं. मी रानात जायची तवा." मी खाली बसलो आणि तिच्या पायांना हात लावून सांगितलं की मला माहीत नव्हतं, माहीत असतं तर हात लावला नसता, आणि वाळवीचं खोटं होतं. ती म्हणाली, "भुसा पडला व्हता की तुझ्या पिशवीत. मी लोह्याहून आले त्याच दिशी वास आला मला." म्हणजे पायरीवर बसून तिनं सगळं सांगितलं तेव्हाही तिला माहीत होतं. मी कबूल करायची वाट बघत होती ती, आणि मी हाव म्हणून उठून गेलो होतो. मग तिनं खुर्ची पेटीसमोर ओढली, कडी मांडीवर घेतली, पोरीला जवळ उभं केलं आणि मला म्हणाली, "लाव. ऐकू दे."

मी सूर लावला, तोच, वरून खाली उतरणारा. ताटं वाजली. आई हलली नाही. तिची मूठ कडीवर घट्ट होती, डोळे उघडे, समोर. फरशी बोलायला लागली तशी पोरीनं आजीच्या खांद्यावर हात ठेवला. मी फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. रस्त्यावर शिकवणीची पोरं सायकलींवरून चालली होती, त्यांना काही कळलं नाही. मी कान देऊन ऐकलं. एक खडखड नाही, एक फसफस नाही. नऊ फूट वाटेत कुठं काही सैल नव्हतं. थोड्या वेळानं पोरगी धावत आली, "पप्पा, आजी रडायलीय, पण बंद करू नका म्हणाली. तुम्ही बाहेर का आलात?" मी म्हणालो, बाहेरून सैल स्क्रू कळतो.

हा कागद पेटीत सरकवून द्यावा असं मनात आलं होतं. पण आत कागद म्हणजे फडफड, आणि पेटीत सैल काही ठेवायचं नाही. तेव्हा तुमच्या काठ्यांच्या जुडीत खोचून ठेवतो. पुढच्या खंडेनवमीपर्यंत ती कुणी सोडणार नाही. आणि पोरीला जे सांगितलं ते खरं नव्हतं, आबा. स्क्रू ऐकायला मी बाहेर गेलोच नव्हतो. जमीन हादरली आणि मी पळालो.